जहागीर गेली, संग्रह राहिला
नवाब सालारजंग तिसरे यांची जीवनकथा

मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांची सहल हैदराबादला गेली की चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग म्युझियम ही तीन ठिकाणं ठरलेलीच असतात. म्युझियममध्ये गेलं की टोले देणारं घड्याळ बघायचं, संगमरवरी रिबेका बघायची, बाहेर येऊन ग्रुप फोटो काढायचा आणि मग बिर्याणीकडे पळायचं. पण हे सालारजंग नेमके होते कोण? राजा होते का? व्यापारी होते का? आणि एवढ्या वस्तू विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसा आला कुठून? हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मित्रांनो, यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोचतं, म्हणून हा लेखप्रपंच.

माझं गाव चुडावा, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. पूर्णा-नांदेड लाइनवरचं छोटंसं स्टेशन. बऱ्याच एक्स्प्रेस गाड्या इथे न थांबता धूळ उडवत निघून जातात. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी ही लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपलं राज्य हैदराबादच होतं. अजूनही गावातली म्हातारी माणसं तलाठ्याला पटवारी म्हणतात आणि जमिनीचा वाद निघाला की खासरा पत्रक शोधायला सांगतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरं शोधायला सुरुवात झाली, तेव्हा उर्दूतले आणि मोडीतले कागद वाचायला माणसं मिळेनात. म्हणजे हैदराबादचा इतिहास हा आपल्यासाठी परक्याचा इतिहास नाही, तो आपल्या सातबाऱ्याच्या मागच्या पानावर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सालारजंग हे नाव नव्हे, किताब आहे. या किताबाचे तीन प्रसिद्ध मानकरी एकाच घराण्यातले. आजोबा मीर तुराब अली खान, मुलगा मीर लायक अली खान आणि नातू मीर युसुफ अली खान. तिघेही निजामाचे दिवाण झाले, म्हणजे आजच्या भाषेत पंतप्रधान. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मुक्तिसंग्रामाच्या धड्यात १९४७-४८ मधले जे लायक अली येतात, ते वेगळे. सालारजंग दुसरे त्याआधीच जवळजवळ साठ वर्षं वारले होते.

या घराण्याचा आणखी एक पूर्वज आमच्या सिव्हिलच्या मुलांना माहीत असायलाच हवा. त्यांचं नाव मीर आलम. हे १८०४ ते १८०८ या काळात हैदराबादचे दिवाण होते आणि त्यांची मुलगी सालारजंगांच्या घराण्यात दिली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाचा पराभव झाला. त्या मोहिमेत निजामाची फौज मीर आलम यांच्याकडे होती. त्यातून मिळालेल्या पैशातून त्यांनी हैदराबादला तलाव बांधला असं सांगतात. या मीर आलम तलावाच्या बांधाला एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी आहेत. प्रत्येक कमान आडवी झोपलेली, पाण्याकडे पोट काढून उभी. पाण्याचा दाब कमानीतून दोन्ही बाजूंच्या खांबांवर जातो, त्यामुळे भिंत जाड करावी लागत नाही. आज आपण मल्टिपल आर्च डॅम म्हणून जे शिकतो, ते चुन्यात आणि दगडात दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं आहे आणि अजून उभं आहे. नेहरू प्राणिसंग्रहालयाला लागूनच हा तलाव आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर होईपर्यंत हैदराबाद शहर त्याचंही पाणी प्यायचं.

सालारजंग पहिले यांचा जन्म १८२९ चा. १८५३ मध्ये काका वारले आणि चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी त्यांच्या अंगावर पडली. राज्याची तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्ज, वऱ्हाड नुकताच इंग्रजांच्या हातात गेलेला. तेव्हा शेतसारा गोळा करायचं काम ठेक्याने दिलं जायचं. ज्याने जास्त बोली लावली तो ठेकेदार, आणि मग तो शेतकऱ्याकडून वाट्टेल तेवढं वसूल करायचा. सालारजंगांनी ही पद्धत मोडायला घेतली, पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ पासून जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्यांमध्ये विभागणी केली. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद ही जिल्ह्यांची रचना त्याच व्यवस्थेतून पुढे आलेली आहे. आपल्या आधार कार्डावर परभणी जिल्हा लिहिलेला असतो, त्याच्या मुळाशी या माणसाची सही आहे असं म्हटलं तरी चालेल. १८७६ मध्ये ते युरोपला गेले, पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला, ऑक्सफर्डची मानाची पदवी घेतली आणि रोममध्ये बेन्झोनी या शिल्पकाराची रिबेका विकत घेतली. तीच ती संगमरवरी रिबेका. तिच्या चेहऱ्यावरचा झिरझिरीत पदर दगडाचा आहे यावर विश्वासच बसत नाही. १८८३ मध्ये कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला.

आता जहागिरीबद्दल. हैदराबाद राज्याची सगळी जमीन एकसारखी नव्हती. ढोबळमानाने सांगायचं तर साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी. तिचा सारा सरकारच्या तिजोरीत जायचा. दहा टक्के सर्फेखास, म्हणजे खुद्द निजामाची खासगी. आणि उरलेली तीस टक्के जहागिरदारांची. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, तर त्या गावांचा महसूल घेण्याचा हक्क. शेतकरी राबणार, सारा भरणार, आणि तो पैसा सरकारकडे न जाता जहागिरदाराकडे जाणार. मोठ्या जहागिरदारांची कोर्टं आणि पोलीससुद्धा वेगळे असायचे. जहागिरदार वारला की जहागीर आपोआप मुलाला मिळायची नाही. वारसाची चौकशी व्हायची आणि निजामाची मंजुरी लागायची.

सालारजंगांची जहागीर राज्यातल्या मोठ्या जहागिरींपैकी होती. सुमारे दीड हजार चौरस मैल, तीनशेहून जास्त गावं आणि १९०१ च्या खानेसुमारीत पावणेदोन लाखांच्या वर लोकसंख्या. म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास आजच्या गोव्याएवढी! पण ती सलग नव्हती, तुकड्या-तुकड्यांत पसरलेली होती. कोप्पळ आणि यलबुर्गा आज कर्नाटकात आहेत, कोसगी तेलंगणात आहे आणि एक तुकडा आपल्या मराठवाड्यात, तो म्हणजे अजिंठा. होय, लेण्यांमुळे जगाला माहीत असलेलं अजिंठा गाव सालारजंगांच्या जहागिरीत होतं.

या सगळ्याचा वारस म्हणून मीर युसुफ अली खान यांचा जन्म १३ जून १८८९ ला झाला, तोही आपल्या पुण्यात. पण बाळ महिन्याचं होईपर्यंतच वडील वारले. वडील लायक अली खान तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे असतील. १८८४ ते १८८७ अशी तीनच वर्षं ते दिवाण होते. एवढ्या मोठ्या इस्टेटीचा मालक पाळण्यात, आणि आजूबाजूला नातेवाईक, नोकर, देणेकरी. अशा वेळी घराण्याचं काय होतं हे आपल्या गावातल्या भाऊबंदकीवरून कळतंच. पण निजाम मीर महबूब अली खान यांनी लक्ष घातलं, जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली ठेवला आणि मुलगा आई-आजीच्या नजरेखाली दिवाण देवडी या वाड्यात वाढला.

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले. हेच शेवटचे निजाम. १९१२ मध्ये त्यांनी महाराजा किशन प्रसाद यांच्या जागी युसुफ अली खान यांना दिवाण नेमलं. वय तेवीस! म्हणजे आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा एका मोठ्या संस्थानाचा पंतप्रधान. आजोबा चोविसाव्या वर्षी दिवाण झाले, नातू त्यांच्याहीपेक्षा लहान वयात. तो काळ हैदराबादसाठी मोठ्या कामांचा होता. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला भयंकर पूर येऊन शहर उद्ध्वस्त झालं होतं आणि सर विश्वेश्वरय्यांनी धरणांची योजना आखून दिली होती. शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड १९१२ मध्ये स्थापन झालं आणि मुसीवरच्या उस्मानसागराचं कामही याच काळात सुरू झालं. १९१४ मध्ये राज्याचं पुरातत्त्व खातं निघालं. याच खात्याने पुढे गुलाम याझदानी यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या चित्रांची निगा राखली.

पण तरुण निजाम आणि तरुण दिवाण यांचं जमलं नाही. निजामाला सगळी सूत्रं स्वतःच्या हातात हवी होती. १९१४ च्या अखेरीस सालारजंगांनी राजीनामा दिला. त्यानंतर पाच वर्षं निजामाने दिवाणच नेमला नाही, स्वतःच कारभार पाहिला. पंचविसाव्या वर्षी सालारजंगांचं राजकीय आयुष्य संपलं. आपल्याकडे पंचविसाव्या वर्षी कित्येकांची पहिली नोकरीसुद्धा लागलेली नसते, आणि या माणसाचं करिअर तेव्हा मागे पडलेलं होतं!

मग पुढची पस्तीस वर्षं त्यांनी काय केलं? लग्न केलं नाही. सत्तेसाठी कटकारस्थानं केली नाहीत. त्यांनी वस्तू जमवल्या. जहागिरीचं उत्पन्न येत होतं आणि ते त्यांनी या एका छंदात ओतलं. आजोबांनी आणि वडिलांनी जमवलेलं घरात होतंच, त्यात त्यांनी कितीतरी पटींनी भर घातली. दिवाण देवडीवर व्यापारी आणि दलाल वस्तू घेऊन यायचे. युरोपातले विक्रेते त्यांना याद्या पाठवायचे, ते स्वतःही परदेशात जाऊन खरेदी करायचे. त्यांना काय आवडायचं याची यादी करणं अवघड आहे, काय आवडायचं नाही हे सांगणंच सोपं. चिनी मातीची भांडी, जेडचे पेले, हस्तिदंती खुर्च्या, इराणी गालिचे, तलवारी, हातातल्या काठ्या, मुलांची खेळणी, लघुचित्रं, फ्रेंच आरसे. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितं तर हजारोंनी. त्यात याकूत अल-मुस्तासिमी या जगप्रसिद्ध सुलेखनकाराच्या हातचं कुराण आहे आणि त्यावर जहांगीर, शाहजहान, औरंगजेब या तीन बादशहांच्या सह्या आहेत.

सगळ्यांना आवडणारं ते घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीकडून आलेलं. दर तासाला एक छोटा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येतो, तास वाजवतो आणि परत आत जातो. आतली यंत्ररचना साडेतीनशेच्या आसपास भागांची आहे. मेकॅनिकलवाल्यांनी एकदा ते बघताना गर्दीकडे नाही, गिअर कसे चालत असतील याकडे लक्ष द्यावं. तसाच तो लाकडी दुहेरी पुतळा. समोरून सैतान मेफिस्टोफेलिस, मागून खाली मान घातलेली मार्गारेटा, आणि मागचा भाग दिसावा म्हणून ठेवलेला आरसा.

सगळंच अस्सल आणि मौल्यवान आहे असंही नाही. संग्रहात उत्तम वस्तूंच्या शेजारी अगदी सामान्य वस्तू आहेत, मूळ चित्रांच्या शेजारी नकला आहेत. अभ्यासक म्हणतात की त्यांची निवड एकसारखी नव्हती. मला वाटतं ते खरं असावं. पण हा पैसेवाल्या माणसाने सल्लागार ठेवून केलेला संग्रह वाटत नाही, आवड असलेल्या माणसाने जमवलेला वाटतो.

इथे थांबून दुसरी बाजू बघायला हवी. आमच्या हॉस्टेलमध्ये सिल्लोडकडचा एक मित्र आहे. त्याचं गाव अजिंठ्याजवळचं. ट्रिपमध्ये म्युझियमच्या खिडकीवर तिकीट काढताना तो म्हणाला की आमच्याकडून कशाला तिकीट घेता, आमच्या पणजोबांनी साऱ्याच्या रूपात ते आधीच भरलंय. सगळे हसले. पण त्याचं काय चुकलं? ज्या पैशातून हे सगळं आलं तो पैसा जहागिरीतल्या शेतकऱ्यांचा होता. ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू माणसाचा. तो पैसा अजिंठ्यात शाळा, दवाखाने, विहिरी यांच्यासाठी लागला असता तर? जहागिरी गावं सरकारी गावांपेक्षा मागे राहिली, तिथल्या कुळांना हक्क कमी होते, ही तक्रार त्या काळापासूनची आहे आणि ती खोटी नाही. सालारजंग वाईट जहागिरदार होते असं मला म्हणायचं नाही. पण चांगल्या जहागिरदारालाही तो पैसा त्याने न कमावता मिळायचा, हे विसरता येत नाही.

याचा हिशोब काळाने फार विचित्र पद्धतीने मांडला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची सत्ता गेली. नवं सरकार जहागिरी मोडणार हे दिसतच होतं. २ मार्च १९४९ ला सालारजंग तिसरे दिवाण देवडीत वारले. वय एकोणसाठ. मागे मूलबाळ नाही. आणि १५ ऑगस्ट १९४९ ला हैदराबाद राज्यात जहागिरी रद्द करणारा कायदा अमलात आला. त्या कायद्यावर साल फसली १३५८ चं आहे. म्हणजे ज्या जहागिरीवर हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या उभं होतं, ती जहागीर तिच्या शेवटच्या मालकानंतर साडेपाच महिनेसुद्धा टिकली नाही. अजिंठा, कोप्पळ, कोसगी सगळं एका दिवसात सरकारजमा झालं. जहागिरदारांना हप्त्याने मोबदला ठरला, पण घराण्याचा प्रमुखच उरला नव्हता.

उरल्या त्या वस्तू. वाडाभर, खोल्याखोल्यांत, पेट्यांमध्ये ठेवलेल्या. मृत्युपत्र करून त्यांनी म्युझियमची व्यवस्था लावून ठेवली होती असं नाही. दूरच्या वारसांचे हक्क होतेच. वाटणी झाली असती तर एकेक वस्तू लिलावात जाऊन जगभर पांगली असती. कितीतरी जहागिरदारांच्या वाड्यांचं नेमकं तसंच झालं, झुंबरं एकाकडे आणि दरवाजे दुसरीकडे. इथे मात्र सरकारने इस्टेट सांभाळायला कमिटी नेमली. राज्याचे तेव्हाचे मुख्य मुलकी प्रशासक वेल्लोडी यांनी म्युझियमची कल्पना उचलून धरली आणि कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांच्याकडे वस्तू लावण्याचं काम दिलं. १६ डिसेंबर १९५१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच म्युझियम सुरू झालं. वारसांशी चाललेला प्रश्न १९५८ मध्ये हायकोर्टात तडजोडीने मिटला आणि संपूर्ण संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि १९६८ मध्ये मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत सगळं हलवलं. सुमारे त्रेचाळीस हजार कलावस्तू, नऊ हजार हस्तलिखितं आणि सत्तेचाळीस हजार छापील पुस्तकं असा हा साठा सांगतात. दिवाण देवडीचा वाडा मात्र गेला. तिच्या वेशी तेवढ्या उभ्या आहेत आणि आत बाजार भरतो.

तुलना करायची तर शेवटच्या निजामाच्या दागिन्यांशी करू. उस्मान अली खान एकेकाळी जगातले सगळ्यात श्रीमंत म्हणून गाजलेले. त्यांचे दागिने भारत सरकारला १९९५ मध्ये २१८ कोटी रुपये देऊन विकत घ्यावे लागले आणि ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेले. अधूनमधून प्रदर्शन भरतं तेव्हाच लोकांना दिसतात. २००१ मध्ये ते सालारजंग म्युझियममध्येही लोकांसमोर आले! ज्या निजामाने दिवाणाला बाजूला सारलं, त्याचे हिरे बघायला लोकांना दिवाणाच्या घराण्याच्या नावाखाली यावं लागलं.

मला या आयुष्याकडे बघून असं वाटतं की सालारजंग तिसरे मोठे राज्यकर्ते नव्हते, समाजसुधारकही नव्हते. आजोबांनी राज्याची घडी बसवली, नातवाला ती संधी मिळाली नाही किंवा मिळालेली टिकली नाही. त्यांनी केलेली गोष्ट साधी आहे. हातात आलेला पैसा त्यांनी सोन्याच्या विटांमध्ये किंवा परदेशी बँकेत ठेवला नाही, बघता येतील अशा गोष्टींमध्ये ठेवला आणि त्या पस्तीस वर्षं एका ठिकाणी जपल्या. शेतकऱ्याकडून घेतलेलं शेतकऱ्याच्या हातात परत गेलं नाही, पण त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या डोळ्यांसमोर तरी आलं. हे पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. पण बाकीच्या शेकडो जहागिरदारांचा हिशोब काढला तर हातात एवढंही शिल्लक राहत नाही.

म्युझियममध्ये वस्तूखाली पाटी असते. तिच्यावर देश लिहिलेला असतो, शतक लिहिलेलं असतं, कधी कारागिराचं नाव असतं. त्या पाटीवर आणखी एक ओळ असावी असं मला वाटतं. ही वस्तू कोणकोणत्या गावांच्या साऱ्यातून आली त्यांची नावं. अजिंठा, कोप्पळ, यलबुर्गा, कोसगी. हैदराबादला जाल तेव्हा घड्याळाचे टोले जरूर ऐका. पण टोले संपले की लगेच पांगू नका. ज्यांनी ही वस्तू जमवली त्यांची आणि ज्यांनी तिचे पैसे भरले त्यांची, दोघांचीही क्षणभर आठवण काढा.